अखेरच्या पानानंतरचे डिस्कवर्ल्ड : ‘द शेफर्ड्स क्राउन’ आणि वाचकांच्या अपेक्षा

टेरी प्रॅचेट यांच्या ‘डिस्कवर्ल्ड’ या विनोदी अद्भुतकथांच्या मालिकेतली एकेचाळिसावी आणि शेवटची कादंबरी, ‘द शेफर्ड्स क्राउन’, २७ ऑगस्ट २०१५ रोजी प्रसिद्ध झाली, तेव्हा लेखकाचे निधन होऊन साडेपाच महिने लोटले होते. हे पुस्तक केवळ एक कादंबरी म्हणून तपासून भागत नाही. १९८३ पासून वाढत गेलेल्या एका जगाचा तो शेवटचा मुक्काम आहे, आणि त्या जगातल्या किती वाटा अर्ध्यावर राहिल्या याचा हिशेब वाचक आजही मांडत असतात. माझे मत असे की कादंबरी म्हणून हे पुस्तक प्रॅचेट यांच्या उत्तम पुस्तकांच्या पंगतीला बसत नाही. मात्र वारसा कसा सोपवावा आणि कसा स्वीकारावा या विषयावर त्यांनी जे काही लिहिले, त्यात याहून खरे काही नाही. म्हणूनच मालिका पुढे कुठे जावी याविषयी वाचकांच्या ज्या इच्छा आहेत, त्या याच पुस्तकाच्या कसोटीवर घासून पाहाव्यात, असे मला वाटते.

ज्यांनी मालिका वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख करून देणे आवश्यक आहे. डिस्कवर्ल्ड हे थाळीसारखे सपाट जग चार हत्तींच्या पाठीवर तोललेले आहे आणि ते हत्ती अवकाशातून पोहत जाणाऱ्या एका महाकाय कासवाच्या पाठीवर उभे आहेत. कूर्मावताराची कथा आणि पृथ्वी सावरणारे दिग्गज लहानपणीच ऐकलेल्या, देवळाच्या सभामंडपात दगडी कासवाला हात लावून मगच गाभाऱ्याकडे वळणाऱ्या मराठी वाचकाला हे चित्र परके वाटत नाही. १९८३ सालच्या ‘द कलर ऑफ मॅजिक’मध्ये या जगाचे काम प्रामुख्याने तलवारी-जादूटोण्याच्या रूढ कथांचे विडंबन करण्याचे होते. पुढे मात्र ते जग स्वतःच्या पायांवर चालू लागले. १९८९ च्या ‘गार्ड्स! गार्ड्स!’पासून अंख-मॉर्पोर्क या बकाल शहराची पोलीस चौकी आकाराला आली, २००० साली ‘द ट्रुथ’मध्ये तिथे वर्तमानपत्र निघाले, २००४ च्या ‘गोइंग पोस्टल’मध्ये बंद पडलेले टपालखाते उभे राहिले, २००७ साली ‘मेकिंग मनी’मध्ये बँक आणि कागदी चलन आले, आणि २०१३ च्या ‘रेझिंग स्टीम’मध्ये आगगाडी धावू लागली. बहुतेक अद्भुतकथांमधला काळ गोठलेला असतो. राजे बदलतात, पण हजार वर्षांनीही लोक घोड्यावरूनच प्रवास करतात. प्रॅचेट यांनी आपल्या वाचकांना ‘आता पुढे काय येणार’ हे विचारण्याची सवय लावली, आणि ती सवय लेखकाच्या मृत्यूने मोडली नाही.

यापुढे कथानकातल्या काही गोष्टी उघड कराव्या लागतील. ज्यांना त्या आधी कळायला नको असतील त्यांनी पुस्तक वाचूनच पुढचा मजकूर पाहावा.

ग्रॅनी वेदरवॅक्स ही १९८७ च्या ‘ईक्वल राइट्स’मध्ये प्रथम आलेली लँकरच्या डोंगरांतली चेटकीण या पुस्तकाच्या आरंभीच मरण पावते. डिस्कवर्ल्डमधल्या चेटकिणींना आपल्या मृत्यूची वेळ आधी कळते, आणि ग्रॅनी त्या ज्ञानाचा उपयोग घर स्वच्छ करण्यासाठी करते. ती झाडलोट करते, शौचकूपसुद्धा घासून काढते, स्वतःला पुरण्यासाठी वेताची पेटी विणते, आपली जागा निवडते, चांगले कपडे घालून बिछान्यावर आडवी होते आणि मृत्यूची वाट पाहते. तिचे मन जेव्हा प्राण्यापक्ष्यांच्या मनात शिरून फिरत असे, तेव्हा निश्चेष्ट पडलेल्या शरीराजवळ ‘मी मेलेले नाही’ अशा अर्थाची अशुद्ध लेखनातली पाटी ठेवण्याची तिची जुनी रीत होती. या वेळी पाटीवरचा मजकूर ‘बहुधा मेले आहे’ असा बदललेला असतो. मालिका वाचत आलेल्या माणसाला इथे हसू आणि हुंदका एकाच वेळी येतो. स्वतः मरणाच्या वाटेवर असलेला लेखक हे लिहीत होता ही जाणीव बाजूला ठेवली, तरीही हे प्रकरण इंग्रजी विनोदी साहित्यातल्या श्रेष्ठ प्रकरणांत मोजावे लागेल. त्यात एकही शब्द भावनेला चिथावण्यासाठी खर्च झालेला नाही. कामे उरकली जातात, आणि कामांच्या त्या यादीतूनच एका आयुष्याचे मोजमाप होते.

ग्रॅनी आपली झोपडी आणि आपला मुलूख तरुण टिफनी एकिंगच्या नावे करून जाते. टिफनीचे स्वतःचे गाव मेंढपाळांच्या चॉक प्रदेशात आहे, तिथल्या लोकांची बाळंतपणे, दुखणी आणि भांडणे आधीच तिच्या खांद्यावर आहेत, आणि आता तिला डोंगरातला दुसरा मुलूखही सांभाळायचा आहे. या दोन गावांमधल्या धावपळीत प्रॅचेट यांनी थकव्याचे जे वर्णन केले आहे ते अतिशय खरे आहे. ज्या घरांत एका कर्त्या बाईच्या जाण्याने दुसरीवर दुप्पट भार येतो, तिथल्या वाचकांना ते ओळखीचे वाटेल. दरम्यान ग्रॅनीच्या जाण्याने जगाचे एक कुंपण मोडते आणि क्रूर, देखणे, दुसऱ्याच्या वेदनेत रमणारे एल्फ पुन्हा आत शिरू पाहतात. अखेरीस लढाई जिंकली जाते, पण माझ्या दृष्टीने पुस्तकाचा कळस त्यानंतर आहे. टिफनी ग्रॅनीच्या झोपडीत राहायला जात नाही. ती झोपडी ती दुसऱ्याच्या हाती सोपवते, आपल्या आजीच्या जुन्या फिरत्या झोपडीचे अवशेष वापरून चॉकच्या टेकडीवर स्वतःचे छोटे घर उभारते, आणि आपण दुसरी ग्रॅनी वेदरवॅक्स होणार नाही हे कोणताही गाजावाजा न करता स्पष्ट करते.

पुस्तकाचे दोषही मोकळेपणाने सांगायला हवेत. प्रॅचेट यांना मेंदूच्या मागच्या भागाचा ऱ्हास घडवणारा अल्झायमरचा एक दुर्मीळ प्रकार जडला होता. त्यांनी तो डिसेंबर २००७ मध्ये जाहीर केला, आणि पुढे टंकलेखन अशक्य झाल्यावर ते सांगून आणि संगणकाच्या आवाज-ओळख प्रणालीच्या मदतीने लिहीत राहिले. त्यांचे दीर्घकाळचे सहायक रॉब विल्किन्स यांनी या पुस्तकाच्या शेवटी जोडलेल्या निवेदनात म्हटले आहे की कादंबरीला आरंभ, मध्य आणि शेवट आहे आणि तो सर्व प्रॅचेट यांनीच लिहिला आहे. परंतु आयुष्य लाभले असते तर त्यांनी त्यावर आणखी काम केले असते. ते काम राहून गेल्याचे जाणवते. पदच्युत एल्फ राणीचा स्वभाव बदलत जातो तो भाग सुरेख आहे, पण तिला हुसकावणारा पीजब्लॉसम केवळ दुष्टपणापुरता उरतो. शेवटची लढाई घाईने उरकल्यासारखी वाटते. एका वाक्याखाली दुसरा आणि त्याखाली तिसरा विनोद दडवण्याची जी रीत ‘नाइट वॉच’ किंवा ‘स्मॉल गॉड्स’मध्ये पानोपानी दिसते, ती इथे विरळ झाली आहे. ज्यांनी या उणिवांमुळे पुस्तक बाजूला ठेवले त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. मात्र पहिली काही प्रकरणे तरी त्यांनी पुन्हा वाचावीत, असा माझा आग्रह राहील.

वाचकांच्या अपेक्षांपैकी सर्वांत न्याय्य अपेक्षा मला जेफ्रीविषयीची वाटते. जेफ्री हा एका उमरावाचा धाकटा मुलगा, शिकारीची घृणा असलेला, भांडणाऱ्या माणसांना नुसत्या आपल्या उपस्थितीने शांत करणारा. त्याला चेटकीण व्हायचे आहे. १९८७ साली याच मालिकेत एस्करिना नावाच्या मुलीला जादूगार व्हायचे होते आणि तिला पुरुषांच्या विद्यापीठाचे दार ठोठवावे लागले होते. अठ्ठावीस वर्षांनी तेच दार उलट्या बाजूने ठोठावले गेले, आणि या वेळी ते फारशी खळखळ न होता उघडले, कारण ते उघडणारी टिफनी होती. टिफनी झोपडी सोपवते ती याच मुलाला. लँकरचे लोक आपल्या बाळंतपणांसाठी, आजारपणांसाठी, म्हाताऱ्यांच्या नखांसाठी एका मुलाकडे कसे जातील, गावातल्या म्हाताऱ्या त्याला काय म्हणतील, ग्रॅनीची जुनी मैत्रीण आणि चेटकीण नॅनी ऑग त्याला कोणत्या गोष्टी मोकळेपणाने शिकवील, हे सगळे वाचण्याची इच्छा मलाही आहे. जेफ्रीचा प्रवास या पुस्तकात जेमतेम सुरू होतो. पुढच्या कादंबरीची तयारी म्हणून तो आणला होता की काय, असे वाटण्याइतकी त्याच्याभोवती मोकळी जागा सोडलेली आहे.

शहराच्या बाजूने पाहिले तर सर्वाधिक चर्चा लॉर्ड व्हेटिनारीच्या वारसाची होते. अंख-मॉर्पोर्कचा हा थंड डोक्याचा सत्ताधीश शहर चालवतो खरा, पण आपल्यानंतर कोण, या प्रश्नाचे उत्तर तो कधीच देत नाही. टपालखाते, बँक आणि आगगाडी अशा तीन परीक्षांतून ज्याला नेले तो माजी भामटा मॉइस्ट फॉन लिपविग हाच वारस असावा, असे अनेकांचे अनुमान आहे, आणि त्याची पुढची नेमणूक करवसुलीच्या खात्यावर होईल अशी अपेक्षा तर ‘मेकिंग मनी’नंतर वाचक उघडपणे बोलून दाखवत होते. दुसरा पक्ष कॅरटचा आहे. हा सरळमार्गी पोलीस शहराच्या राजवंशाचा खरा वारस असल्याचे संकेत लेखकाने वारंवार दिले आणि प्रत्येक वेळी कॅरटला ते संकेत नाकारताना दाखवले. माझ्या मते कॅरटला सिंहासनावर बसवण्याची इच्छा मालिकेच्या मूळ प्रकृतीलाच विरोधी आहे. राजाच्या पुनरागमनाची जी कथा सगळीकडे सांगितली जाते, ती इथे सांगायची नाही हे प्रॅचेट यांनी १९८९ सालीच ठरवले होते, आणि पोलीस चौकीचा प्रमुख सॅम व्हाइम्स याच्या रक्तातच राजांविषयीची चीड घातली होती. मॉइस्टचा पर्याय मला अधिक पटतो. लोकांच्या विश्वासावरच नोटा, तिकिटे आणि सरकारे उभी असतात हे ज्याला लबाडीतून कळले, त्याच्या हाती शहर देण्यात एक विचार आहे. गॉब्लिन ही डिस्कवर्ल्डमधली तुच्छ लेखली जाणारी जमात हा तिसरा धागा. ‘स्नफ’मध्ये त्यांना माणसासारखे हक्क मिळाले, ‘रेझिंग स्टीम’मध्ये ते संदेशमनोऱ्यांवर आणि रेल्वेत कामाला लागले, आणि हक्क मिळाल्यानंतरची दुसरी पिढी कशी जगते ही कथा सांगायची राहून गेली.

विल्किन्स यांच्या त्याच निवेदनात प्रॅचेट यांच्या मनात असलेल्या काही कथांचा उल्लेख आहे, आणि तो परिच्छेद वाचकांना वर्षानुवर्षे छळत आला आहे. विस्मरणाने ग्रासलेले वृद्धाश्रमातले रहिवासी आपली स्मृती साथ देत नसतानाही हरवलेल्या खजिन्याचे रहस्य सोडवतात आणि उदयाला येणाऱ्या एका दुष्ट सम्राटाला हरवतात, अशी एक कल्पना त्यात आहे. मालिकेतला बोलका बोका मॉरिस जहाजावरचे मांजर होतो, ही दुसरी. वृद्धाश्रमाची कथा प्रॅचेट यांच्याकडून वाचायला मिळाली असती तर ती कदाचित मालिकेतली सर्वांत धाडसी कादंबरी ठरली असती, कारण तो विषय त्यांना आतून कळू लागला होता.

या कल्पना कोणी दुसऱ्याने पुऱ्या कराव्यात का, हा प्रश्न आता तात्त्विकच उरला आहे. २५ ऑगस्ट २०१७ रोजी इंग्लंडमधल्या ग्रेट डॉर्सेट स्टीम फेअरमध्ये ‘लॉर्ड जेरिको’ नावाच्या जुन्या वाफेच्या रोडरोलरखाली प्रॅचेट यांची हार्ड डिस्क चिरडण्यात आली. अपूर्ण लेखन असे नष्ट व्हावे ही त्यांचीच इच्छा होती. त्यांची कन्या रिआना प्रॅचेट या स्वतः लेखिका आहेत, आणि २०१२ मध्ये वडिलांनी डिस्कवर्ल्ड मुलीच्या हाती सुरक्षित असल्याचे म्हटल्यामुळे अनेकांनी त्यांच्याकडे पुढच्या कादंबऱ्यांच्या आशेने पाहिले. त्यांनी मात्र २०१५ मध्येच स्पष्ट केले की ‘द शेफर्ड्स क्राउन’ हीच शेवटची कादंबरी राहील. आपण रूपांतरे आणि पूरक पुस्तके यांची काळजी घेऊ, पण कादंबऱ्या लिहिणार नाही. काही वाचकांना हा निर्णय कठोर वाटतो. मला तो टिफनीच्या निर्णयासारखा वाटतो. झोपडी सांभाळायची, तिची डागडुजी करायची, पण म्हातारीची टोपी घालून तिचा आवाज काढायचा नाही.

दुसऱ्या लेखकाने पुढे लिहावे या मागणीमागे असा समज दिसतो की हत्ती, कासव, शहर आणि पात्रे तयार आहेत, तेव्हा उरले फक्त प्रसंग जुळवणे. हा समज तपासण्यासाठी १९९३ च्या ‘मेन अॅट आर्म्स’मधला बुटांचा परिच्छेद घ्यावा. महिन्याला ३८ डॉलर मिळवणारा व्हाइम्स विचार करतो की ५० डॉलरचे चांगले बूट वर्षानुवर्षे टिकतात, पण आपल्याला परवडणारे १० डॉलरचे बूट एकदोन हंगामांत झिजतात. म्हणजे श्रीमंताला एकदा ५० डॉलर खर्चून दहा वर्षांनीही कोरडे पाय मिळतात आणि गरीब तेवढ्याच काळात १०० डॉलर घालवूनही ओल्या पायांनीच हिंडतो. ड्रॅगन आणि बुटके यांनी भरलेल्या विनोदी पुस्तकातला हा विचार इतका खरा निघाला की २०२२ साली ब्रिटनमध्ये गरिबांच्या वाट्याला येणारी महागाई मोजण्यासाठी जॅक मन्रो यांनी ज्या निर्देशांकाची कल्पना मांडली, त्याला प्रॅचेट यांच्या वारसदारांच्या संमतीने व्हाइम्सच्या बुटांचेच नाव देण्यात आले. असा परिच्छेद पात्रांच्या संचातून निघत नाही. त्यामागे अन्यायाविषयीचा एका माणसाचा राग असतो, आणि तो राग हसऱ्या वाक्यात बसवण्याची त्याची आयुष्यभराची मेहनत असते. पात्रे वारसाहक्काने मिळतात. हे मिळत नाही.

तेव्हा अपेक्षा ठेवायच्या त्या रूपांतरांकडून आणि पूरक पुस्तकांकडून, आणि तिथे त्या काटेकोरपणे ठेवाव्यात. २०२१ मध्ये बीबीसी अमेरिकाने आणलेली ‘द वॉच’ ही मालिका बहुसंख्य जुन्या वाचकांना रुचली नाही, कारण नावे तीच ठेवून तिने शहराचा आणि व्हाइम्सचा पोतच बदलून टाकला. त्याआधीच्या ‘हॉगफादर’ (२००६) आणि ‘गोइंग पोस्टल’ (२०१०) या दूरचित्रवाणी रूपांतरांत पैशांची चणचण दिसत असली तरी पुस्तकावरचे प्रेमही दिसत होते. प्रॅचेट यांनी स्थापन केलेल्या नॅरेटिव्हिया या संस्थेने २०२० मध्ये पुस्तकांशी प्रामाणिक राहणारी रूपांतरे करण्यासाठी नवी भागीदारी जाहीर केली, तेव्हा आशा पुन्हा जागी झाली. माझी स्वतःची इच्छा चेटकिणींच्या कथांविषयी आहे. साठी ओलांडलेल्या दोन बायका ज्या कथांचा कणा आहेत, ज्यांच्यातल्या प्रेमकथांपेक्षा मैत्री, मत्सर आणि कर्तव्य यांना अधिक जागा आहे, अशा कथा जिवंत अभिनेत्रींनी सावकाश उलगडाव्यात, आणि त्यासाठी दोन तासांच्या चित्रपटाऐवजी अनेक भागांची मालिका निवडावी.

पूरक पुस्तकांत २०२३ चे ‘टिफनी एकिंग्ज गाइड टू बीइंग अ विच’ हे रिआना प्रॅचेट आणि गॅब्रिएल केंट यांचे, पॉल किडबी यांच्या चित्रांनी सजलेले पुस्तक योग्य वाट दाखवते. ते कथानक पुढे ढकलत नाही, आधीच्या पाच पुस्तकांत विखुरलेले शहाणपण एकत्र करते आणि वेगवेगळ्या पात्रांना समासात बोलू देते. पेंग्विनने २०२२ पासून आणलेली नवी ऑडिओबुके मला याहूनही मोलाची वाटतात. तळटिपा वाचण्यासाठी बिल नाय आणि मृत्यू या पात्राच्या आवाजासाठी पीटर सेराफिनोविच यांची स्वतंत्र योजना केल्यामुळे, छापील पानावरची जी रचना ऐकताना हरवेल असे वाटत होते ती कानालाही कळते, आणि इंदिरा वर्मा यांच्या वाचनात चेटकिणींच्या संवादांतला कोरडेपणा नेमका उतरला आहे. इंग्रजी वाचण्याचा वेग कमी असलेल्यांनी आधी ऐकावे आणि मग वाचावे, अशी माझी शिफारस आहे.

‘गोइंग पोस्टल’मध्ये संदेशमनोऱ्यांवर काम करताना मेलेल्या माणसांची नावे एका मनोऱ्यावरून दुसऱ्यावर सतत इकडून तिकडे पाठवत ठेवण्याची प्रथा आहे, कारण ज्याचे नाव फिरत आहे तो पुरता मेलेला नसतो. प्रॅचेट यांच्या निधनानंतर वाचकांनी ही प्रथा प्रत्यक्षात आणली आणि कित्येक संकेतस्थळांच्या अदृश्य सूचनांमध्ये त्यांचे नाव आजही पाठवले जाते. चाहत्यांनी मालिका पुढे नेण्याचा याहून सुंदर प्रकार मला माहीत नाही, आणि त्यासाठी एकही नवीन प्रकरण लिहावे लागले नाही.

विकत घेण्याविषयी एवढेच सांगते की ‘द शेफर्ड्स क्राउन’ने कोणीही सुरुवात करू नये. बारा-तेरा वर्षांच्या मुलांसाठी घेत असाल तर ‘द वी फ्री मेन’पासून टिफनीची पाचही पुस्तके क्रमाने घ्यावीत. प्रौढ वाचकाने त्याआधी ‘विर्ड सिस्टर्स’ आणि ‘लॉर्ड्स अँड लेडीज’ वाचून ग्रॅनीशी ओळख करून घ्यावी. निदान ‘लॉर्ड्स अँड लेडीज’ तरी टाळू नये, कारण एल्फांची भीती का बाळगायची हे तिथेच कळते आणि त्याशिवाय शेवटच्या पुस्तकातली धास्ती पोहोचत नाही. मुखपृष्ठाची आणि आतल्या रेखाटनांची मजा घ्यायची असेल तर छापील आवृत्तीच घ्यावी, आणि विल्किन्स यांचे निवेदन कादंबरी संपण्यापूर्वी उघडू नये.